गिरणीच्या फाटकाच्या आत

अहो मालक,

कसे आहात? कान सुधारले का, की तिथंही तुमच्याशी ओरडूनच बोलावं लागतं? सासूबाईंचे गुडघे काय म्हणतात? धाकट्या वन्संचा दमा? इकडं मी ठणठणीत, सूनबाई मजेत, आणि आपली नात दीपा तर हवेतच आहे.

आज लिहायला बसले, कारण काल तुमची शपथ मोडली. गिरणीच्या आत गेले!

रागावू नका, आधी ऐका. तळ्याकाठची तुमची गिरणी आता मोठा बाजार झालीय. तळ्यातली जलपर्णी काढली, काठाला बाकं टाकली, होड्या आणल्या, फाटकाशी गाणारं कारंजं बसवलं. धुराडं तेवढं ठेवलंय, न्हाऊमाखू घालून! अख्खं सोलापूर हवा खायला येतं. दीपानं तिथं वरच्या मजल्यावर चादरींचं दुकान काढलंय, नेमकं तुमच्या माग खात्यात.

गिरणी बंद पडली तेव्हा माझा हात तुमच्या डोक्यावर ठेवून तुम्ही शपथ घातलीत, "आता ह्या फाटकात आपल्या घरचं कुणी पाय ठेवायचा न्हाय." अहो, पण मी कधी ठेवला होता? जन्मभर भाकरीचा डबा घेऊन फाटकाशीच उभी! एकदा तरी "आत ये, माझा माग बघ" म्हणालात का?

कालही तिथंच थबकले. दीपा वरून काचेमागून बोलवत होती. कारंज्याच्या गाण्यात काय ऐकू येणार! मी मान हलवली, नाही. तर पोरीनं मिशीला पीळ दिल्यासारखं केलं आणि डोळ्यांवर हात ठेवला!

मागांच्या खडखडाटात तुम्ही लोक हातांनीच बोलायचात, त्यातली ती खूण. तुमच्यावर नजर ठेवणारा तो मिशाळ जॉबर बघत नाही, ये! सासूबाईंचा डोळा लागला की मलाही तीच करायचात. दीपाला गूळ चोरायला तुम्हीच शिकवलीत की! आता जॉबर कोण, तर तुम्ही.

मी भर फाटकात अशी हसले, रखवालदार म्हणाला, "मावशी, काय झालं वो?"

म्हटलं, "आमचे मालक बघत न्हाईत. सोड आत!"

तुमच्या मागाच्या जागेवरून सगळं तळं दिसतं. एवढं देखणं पाणी रोज बघत होतात, आणि घरी येऊन एका शब्दानं बोलला नाहीत?

आता दर मंगळवारी डबा घेऊन जाईन. फाटकाशी नाही, तुमच्या खिडकीत बसून उघडेन. शब्द देते.

उत्तर लवकर धाडा. लिहायचा कंटाळा आला तर स्वप्नात येऊन नुसती खूण करा. पण खरं सांगा, काल डोळे झाकले होते, की बोटांच्या फटीतून बघत होतात?

तुमचीच,
सुभद्रा