मशीनच्या वाटीतलं पाणी

शनिवार, दिवेलागण. नवव्या दिवशी टँकर आला.

सोने, मी बोलते तसंच लिही. नात कॉलेजात गेली की आजीचं बोलणं सुधरवाया लागती.

आज डॉक्टरपुढं पकडले गेले. झोपेत माझा श्वास अडकतो, त्यानं काळजाचे ठोके चुकतात, म्हणून नाकावर मुखवटा लावायचं मशीन दिलंय. त्याला रोज वाटीभर पाणी लागतं, अन् उरलेलं सकाळी फेकायचं. फेकायचं! पिशोर गावाला मेंढरांच्या पाण्यापायी कोस कोस हिंडलेली बाई मी. वाटी कोरडीच ठेवली. मग नाक सुकून रक्त यायचं, की मुखवटा उशाखाली. सकाळी सोनीनं विचारलं की, "व्हय, रातभर लावला." अन् दिवसभर बसल्या जागी पेंगायचं.

डॉक्टरनं मशीनमधलं कार्ड काढून बघितलं. "आजी, दोनच तास लावता. ठोके परत बिघडलेत. असंच चाललं तर लकवा मारंल."

मला अक्षर येत नाय, पण ते मेलं मशीन रोज लिहीत होतं. माझ्यापेक्षा खरं.

घरी आल्यावर सोनी म्हणली, "आजे, वाटीभर पाण्यासाठी?"

वाटीभरच. पण कशी फेकू? लई थकले बाई.

आता वाटी भरलीय. उरलेलं सकाळी कढीपत्त्याला घालीन, मग फेकल्यासारखं वाटायचं नाय. लिहिलंस? मग पेन ठेव, अन् झोपताना मुखवट्याचे पट्टे तूच बांध. माझ्या हाताचा मला भरवसा नाय.