तोर्येचा उजवा हात

६ मार्च, बुधवार

आज राखेचा बुधवार, ईस्टरआधीच्या उपासांची सुरुवात. चर्चमध्ये जाऊन कपाळावर राख लावून घेतली. येताना पाऊस. बर्गनमध्ये दुसरं काय असणार! टोपीमुळे कपाळावरचा क्रूस तेवढा वाचला. घरी आले तर तोर्ये स्वयंपाकघरात बसलेला. माझ्याकडे पाहून म्हणाला, "आई, रंग फारच कमी. आमच्या बँडमध्ये ये, डोळ्यांभोवतीही लावून देतो."

पंचेचाळिशीचा झाला, अजून आईला चिडवतो.

मग त्यानं कॉफीचा कप डाव्या हातानं उचलला.

९ मार्च, शनिवार

आज त्यानंच सांगितलं. तो काम करतो त्या बालवाडीत पोरांना बर्फातले कपडे चढवताना चेन वर ओढता येईना. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मेल्यासारखं झालंय, बाकीच्यांतही जोर नाही. कोपरातली नस दबली आहे म्हणे. मे महिन्यात ऑपरेशन.

"मग चेन ओढता येईल?"

"चेन येईल."

"आणि गिटार?"

तो खिडकीबाहेर पाहत राहिला. त्यांच्या त्या ब्लॅक मेटल नावाच्या कर्कश संगीतात उजवा हात म्हणजे सगळं. एकच तार इतक्या भराभर छेडायची, की सुटे आवाज ऐकूच येऊ नयेत — पत्र्यावर धो धो पाऊस कोसळावा तसं. तो वेग आता परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. गुड फ्रायडेला इथल्या महोत्सवात वाजवायचं ठरलेलं आहे. तो शेवटचा कार्यक्रम.

जेवताना त्याच्या ताटातला मासा मी कापून दिला.

१७ मार्च, रविवार

"आई, या वेळी येशील?"

एवढंच म्हणाला आणि बूट घालून निघूनही गेला! सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. मेक्सिकोत वाजवलं, जपानात वाजवलं, आणि माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर वाजवायचा, तेव्हा म्हणायचा, "तू नको येऊस." मी कधी हट्ट केला नाही. कारण मला ठाऊक होतं. आठ वर्षांचा असताना नन्सच्या शाळेच्या सभागृहात पियानो वाजवायला बसला होता. मी पहिल्या रांगेत. अर्ध्यावर त्यानं मान वर केली, मला पाहिलं, आणि बोटं थिजली. पियानोचं झाकण हळूच बंद करून तो उठला आणि चालत बाहेर गेला. सिस्टर बेनेडिक्टा माझ्या कानात म्हणाल्या होत्या, "झाकण तरी आपटलं नाही. गुणी आहे."

शेवटचं एकदा त्याला ऐकायला मिळेल. पण गुड फ्रायडे, येशूच्या मरणाचा दिवस!

२४ मार्च, रविवार

तळघर आवरलं. तिथे अजून त्या दिवसांचा वास आहे — ओल, सिगारेट, आणि माझा लॅव्हेंडरचा साबण. सोळा-सतरा वर्षांचा होता तेव्हा साबण भराभर संपायचे. मी नवऱ्याला, हल्वारला, म्हणायचे, "बघ, पोरगं अंघोळ करायला लागलं!" कसली अंघोळ! हा आणि बँडमधली पोरं जगभर कॅसेटा पाठवायचे, त्या पाकिटांच्या तिकिटांवर साबणाचा थर फासायचे. म्हणजे शिक्का धुऊन निघतो आणि तीच तिकिटं परत वापरता येतात. हे मला वीस वर्षांनी कळलं. हल्वार तेव्हा हयात होता. खोकला येईपर्यंत हसला होता.

सगळंच हसण्यासारखं नव्हतं. त्या संगीतातली काही पोरं लाकडी चर्चं जाळत होती ती वर्षं. तोर्येचा त्यात हात नव्हता. पोलीस आले, विचारून गेले. पण लांब केसांचा मुलगा असलेली मी एकटीच. रविवारच्या प्रार्थनेला माझ्या बाकावर बराच काळ कुणी बसलं नाही. तेव्हाही तो खाली वाजवत असायचा आणि मी वर बटाटे सोलत भिंतीतून येणारा आवाज ऐकायची. तेवढंच माझं ऐकणं.

२ एप्रिल, मंगळवार

फादर झेनोनना विचारलं. ते पोलंडचे, कडक. बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"गाणी कसली असतात?"

"शब्द कळत नाहीत, फादर."

"ही देवाची कृपाच. तीन वाजता प्रार्थनेला या. संध्याकाळी तुम्ही कुठे जाता ते मला सांगू नका." दारापर्यंत आले आणि म्हणाले, "कानात कापूस घाला."

१४ एप्रिल, रविवार

जाणार. आज झावळ्यांचा रविवार; चर्चमधून झावळी घेऊन घरी आले आणि तोर्येला फोन केला. "बरं," म्हणाला. आवाज कापत होता — की फोनच खराब?

१८ एप्रिल, गुरुवार

स्टुर्ला आला होता. बँडमधला दुसरा गिटारवाला, तळघरापासूनचा सोबती. आता टक्कल पडलंय. माझ्या हातचे वॅफल्स खाल्ले, जॅम दाढीला.

तोर्ये खाली मान घालून म्हणाला, "आई, उद्या स्टेजसाठी माझं तोंड मढ्यासारखं रंगवशील? डाव्या हातानं रेघ वाकडी येते."

"काकू, आमच्यात असं चालत नाही हं," स्टुर्ला म्हणाला. "ज्याचं तोंड त्यानंच रंगवायचं. मी कधी मेलो तरी याला हात लावू देणार नाही. पण हा तर आईला घेऊन येतोय! सैतानाला सांगू काय?"

"सांग, दूध गरम करून ठेव म्हणावं," मी म्हटलं.

तोर्ये हसला नाही. स्टुर्लाकडे पाहत होता. स्टुर्लानं नजर वळवली.

१९ एप्रिल, शुक्रवार

तीनची प्रार्थना केली. उपास. मग बंदरावरच्या जुन्या कारखान्यात गेले. पूर्वी तिथे सार्डिन डब्यांत भरायचे. भिंतींना अजून वास आहे.

आतल्या खोलीत तोर्ये खुर्चीवर डोळे मिटून बसला. आधी पांढरा रंग. कपाळ, गाल, हनुवटी. किती वर्षांनी त्याच्या चेहऱ्याला हात लावला! भुवईत एक व्रण आहे, तो घसरगुंडीचा. मग काळा. सिस्टर बेनेडिक्टा भरतकाम शिकवताना सांगायच्या, रेघ आखताना श्वास धरू नका, सोडा. तसाच सोडत गेले. डोळ्यांभोवती, मग गालांवरून खाली. माझ्या बाळाचा चेहरा हळूहळू नाहीसा झाला. शेवटी ओठ. "हलू नकोस," मी म्हटलं. तो हलला नाही. पापणीतून एक थेंब आला आणि पांढरा रंग फाटला. मी परत भरला.

"झालं?"

"झालं. भयंकर दिसतोस."

"थँक्यू, आई."

एका दांडगट दाढीवाल्यानं मला स्टेजच्या कडेला खोक्यावर बसवलं, लहान मुलांना घालतात तसलं आवाज अडवणारं जाडजूड यंत्र कानांवर चढवलं. "आजी, काही लागलं तर माझा दंड ओढा."

आणि सुरू झालं. काय सांगू! डोंगरातल्या घरी वादळ सुटतं आणि छपराखाली आपण सगळे असतो — तसं. भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. तोर्ये समोरच, मान खाली, केस चेहऱ्यावर, आणि उजवा हात — नुसता थरथरणारा पंखच! डॉक्टरांना काय कळतं! एकदा त्यानं मान वर करून सरळ माझ्याकडे पाहिलं. पण हात थांबला नाही. मी समोर असूनही एकदाही चुकला नाही!

रडले. यंत्राच्या आत माझं रडणं मला फार मोठ्यानं ऐकू येत होतं.

२० एप्रिल, शनिवार

डोंगरातल्या घरी आलो, दोघंच. ईस्टरला तोर्ये इथे आला त्याला किती वर्षं झाली! गाडीत झोपला होता. कानामागे काळा रंग राहिलाय.

२१ एप्रिल, ईस्टर

ऊन. भिंतीला टेकून बर्फाकडे तोंड करून बसलो. मी संत्रं सोलत होते. म्हटलं, "परवा किती छान वाजवलंस."

"आई, माझी गिटार बंद होती. वायरच लावली नव्हती. सगळं स्टुर्लानं वाजवलं. मी नुसता हात हलवत होतो."

मी संत्र्याची सालं गोळा करून बाजूला ठेवली.

"मग मला कशाला बोलावलंस रे?"

"वाजवायचं असतं तर बोलावलंच नसतं. तू दिसलीस की मी चुकतो."

मी त्याच्या उजव्या तळव्यावर संत्र्याची फोड ठेवली. बोटं मिटेनात. मी मिटवली.