उपरण्याखालचा हात

अमरावती, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १७८६

राजश्री नत्थुजी यांस खुशालरावाचा राम राम. वि. वि.

तुमच्या अकोल्याचे महादेवराव दलाल परवा मुलाला, सूर्यभानला, घेऊन आपली जमुना पाहून गेले. तेव्हापासून माझ्या मनात पाल चुकचुकते आहे. पोराने उजवा हात उपरण्यातून बाहेर काढलाच नाही. राम राम केला तोही आतूनच! गूळपाणी पुढे केले, तर सोयरीक जुळण्याआधी मुलीच्या घरचे घेत नसतात म्हणाला. रीत खरी, पण रीतीआड माणूस काय वाटेल ते लपवतो. रक्तपितीने बोटे तर झडली नसतील? कापसाच्या या तेजीत दलालांकडे पैसा लोळतो आहे, तो काय काय झाकत असेल देव जाणे. होणाऱ्या सोयऱ्यांना तोंडावर विचारणे बरे दिसत नाही. तुम्ही छडा लावा.

जमुनेच्या बहिऱ्या डाव्या कानाचे मात्र कोणाला कळले नाही. तुमच्या बहिणीने, मनकर्णाने, पाहुण्यांचे पाट मुद्दाम उजवीकडे मांडले होते. पोर मान खाली घालून बसली. एखादा प्रश्न ऐकू आला नाही, तरी लाजली असेच वाटते.

भाचीवरची माया अशीच राहू द्या.

अकोला, मार्गशीर्ष शुद्ध द्वादशी

दाजींस नत्थुजीचा राम राम. वि. वि.

तुमचा संशय मलाही चिकटला. इथल्या बाजारात कापसाचा भाव तोंडाने बोलत नाहीत. उपरण्याखाली हातात हात घेऊन बोटे दाबून ठरवतात. म्हणून गाडीभर कापूस घ्यायचा आहे असे सांगून मी सूर्यभानपुढे हात केला. पाचही बोटे धडधाकट! मी एकेक चाचपत होतो, तर तो हसायला लागला. म्हणाला की मामा, कापसाले हात न लावता तुमी भाव करून राहिले, तवाच समजलो. उपरणे बाजूला सारून भर बाजारात पंजा उघडून दाखवला. दलालाची बोटे सवयीने हलतात आणि भाव फुटतो, म्हणून बापाने लहानपणीच हात झाकायला शिकवले. आता घरीही निघत नाही म्हणाला.

मग विचारले की तुमच्याकडचं काई दाखवायचं हाये काय? मी पुन्हा कापसाचा भाव काढला. मुलीकडच्याने मुलीचे उणे कसे बोलावे? पण तो माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. त्याला वास लागला आहे. काय सांगू ते कळवा.

चुकले असेल तर पदरात घ्यावे.

अमरावती, पौष शुद्ध प्रतिपदा

राजश्री नत्थुजी यांस राम राम. वि. वि.

काही सांगू नका, असेच लिहिणार होतो. तुमचे पत्र मनकर्णाला वाचून दाखवत होतो, ते जमुनेने ऐकले. म्हणाली की त्यानं हात उघडला, मंग आपण कान काहून झाकायचा? जन्मभर लाजल्याचं सोंग मले नाही जमणार. बापापुढे इतके बोलली! मी ओरडलो. मग रात्रभर मलाच माझी लाज वाटली.

सांगून टाका. सोयरीक मोडली तर मोडली. फक्त भर बाजारात नको, त्यांच्या घरी जाऊन सांगा.

आमच्यावर लोभ आहेच, आज तो फार हवा आहे.

अकोला, पौष शुद्ध नवमी

दाजींस व बाईस राम राम. वि. वि.

सांगितले. महादेवराव उठून आत गेले. मला वाटले, मोडलेच. सूर्यभानने कान कोणता ते विचारले. डावा म्हणालो. आता हा हुंडा वाढवून मागणार असे माझ्या मनात आले. पण तो म्हणाला की बायको नवऱ्याच्या डाव्या अंगाले बसते, मंग माहा आवाज तिच्या उजव्याच कानात पडन.

महादेवराव बाहेर आले ते सोयरीक जुळल्याचे गूळपाणी घेऊन. ते सूर्यभानने मला दिले, उपरणे खांद्यावर टाकून, उघड्या हाताने. इतका सरळ मुलगा पाहून तुम्हाला नवा संशय येईल, तो कृपा करून मला कळवू नका.

सर्वांवर माया असू द्यावी. आणि हे पत्र जमुनेच्या उजव्या बाजूला बसून तिला वाचून दाखवावे.