क्रमांक सातची डावी टाच

प्रिय मुंगीस,

तीर्थरूपांनी लेखणी धरली म्हणून दचकू नकोस. शिबिरात तुमचे फोन जमा असतात, हे एक कारण. दुसरे यथावकाश येईलच. माझी प्रकृती उत्तम आहे. मला आधी घराबाहेर काढावे की माझ्या संस्कृतला, एवढाच तुझ्या आईपुढे प्रश्न आहे.

प्रयोगशाळेत सध्या 'भारोत्तोलनतंत्रातील नैपुण्यभेद' या भारदस्त विषयाचे अनुष्ठान चालले आहे. चार शिबिरांतून चित्रीकरण येते. त्यात ना चेहरा ना नाव. सांध्यांवर चिकटवलेले ठिपके तेवढे काळ्या पडद्यावर हलतात, आणि प्रत्येकाला एक क्रमांक. कोणाचीही वैयक्तिक मापे बाहेर फोडणार नाही, अशी शपथ मी सही करून दिली आहे. नवशिक्याचा बार रुसलेल्या जावयासारखा अंगापासून दूर दूर राहतो. निष्णाताचा मांडीला घासत सरळ वर चढतो. इतके शोधायला आम्हाला अनुदान मिळते!

मंगळवारी क्रमांक सात आला. बारकडे वाकण्यापूर्वी त्या ठिपक्यांनी डावी टाच दोनदा आपटली. सहाव्या वर्षी भरलेली बादली उचलताना तू अशीच टाच आपटून म्हणाली होतीस, "बाबा, सरका!" शपथेने नावे लपतात गं, टाच लपत नाही.

सातचा बार निर्दोष, सुतात चाललेला. पण पायांखालच्या मापनफळ्या वेगळेच सांगतात: बार डोक्यावर घेऊन बैठकीतून उठताना उजव्या पायावर साठ टक्के भार, डाव्यावर चाळीस. सहाही प्रयत्नांत तेच. नवशिक्याचे दुखणे आंधळ्यालाही दिसावे. निष्णात मात्र ते तंत्रात असे मुरवतो की प्रशिक्षकही टाळ्या वाजवतो. ही विद्या तू कोणाकडून शिकलीस, हे विनोदामागे दडणाऱ्या माणसाने विचारू नये.

बोललो तर शपथ मोडते आणि पुढच्या रविवारची तुझी निवड चाचणी कदाचित हातची जाते. गप्प बसलो तर तू ज्याला जपते आहेस तो डावा गुडघा जातो. तीन दिवस मी पडद्यासमोर कोंडल्यासारखा बसलो. दार उघडे होते, पण कुठे जाणार? काल जेवताना आई म्हणाली, "आज एकही फालतू विनोद नाही. ताप आहे का?"

दोन वर्षांपूर्वी तू बजावलेस की माझ्या खेळात नाक खुपसू नका. मी खुपसले नाही. आज खुपसतो आहे. या पत्राने शपथ मोडली, म्हणून प्रकल्पाचा राजीनामा सकाळीच प्रमुखांच्या टेबलावर ठेवून आलो. प्रशिक्षकांना मी काही कळवलेले नाही, कळवणारही नाही. रविवारआधी गुडघा डॉक्टरांना दाखव. पुढे उचलायचे की नाही, ते तुझे तू ठरव. रागावलीस तरी चालेल, पण दाखव.

एवढे सांगून सरकतो.

तुझाच,
बादलीपासून दोन पावलांवर उभा असलेला
बाबा