दीडचा भोंगा

१४ मार्च २००३, शुक्रवार

एकच जिना! तीन मजले, एवढी माणसं, सणासुदीला मुंगीला शिरायला जागा नाही अशी गर्दी — आणि जिना एकच. तोही लाकडी. आणि त्याच्या खाली रिकाम्या खोक्यांची ही थप्पी!

आज सोनजे शेठच्या कापड दुकानात मापं घ्यायला गेले होते. आमच्या ऑफिसला त्यांचं काम मिळालंय. दुकानाच्या मागे, जुन्याला चिकटून, चार मजल्यांची नवी इमारत उभी राहतेय. तिच्यात आग विझवणारे स्प्रिंकलर आणि धोक्याचा भोंगा बसवायचा. नकाशे मी करायचे. ऑर्डर आल्यावर मी किती खूश होते, कारण याच दुकानात छायाताई काम करते. दुसऱ्या मजल्यावर, मागच्या खोलीत, साड्यांना फॉल-पिको. म्हटलं, बहिणीच्या दुकानात आपण इंजिनियर म्हणून मिरवू. मिरवलं कसलं! डोकं सुन्न होऊन परत आले.

तिच्या खोलीला मागे एक खिडकी होती. ती विटांनी बुजवून टाकली, कारण नवी भिंत तिथेच येते. आता त्या खोलीतल्या सात-आठ बायकांना बाहेर पडायचं असेल तर अख्खा मजला ओलांडून त्या लाकडी जिन्याकडे यायचं. जिन्याच्या दोन्ही बाजूंना गठ्ठेच गठ्ठे. सगळं कापड!

ताईला म्हटलं, "अगं, खिडकी बुजवली तुमची!"

"हो ना. वारा बंद झाला गं," ती म्हणाली. "बाकी काही नाही."

बाकी काही नाही!!

१७ मार्च, सोमवार

दातीर साहेबांना सांगितलं. अंबडमधल्या एका शेडच्या पोटमाळ्यावर आमचं ऑफिस, त्यामुळे तिथे बोललेलं खाली फिटरांनाही ऐकू जातं. तरी मी आवाज चढवला.

साहेब शांत. "सुवर्णा, आपलं काम वाढीव बांधकामापुरतं. जुन्याचं आपल्याला कुणी विचारलंय?"

म्हटलं, "साहेब, आग विचारून येते का?"

म्हणाले, "नकाशा कधी देतेस?"

असा राग आला! आणि त्याहून जास्त राग याचा, की माणूस वाईट नाही. माझ्या लग्नात पंगतीत वाढायला उभे होते. पण कागदावर जेवढं लिहिलंय त्याच्या बाहेर बघायचंच नाही.

२ एप्रिल, बुधवार

आज मी थाप मारली. चक्क. शेठच्या तोंडावर.

शेठ मूळचे नामपूरचे, चिडले की गावाकडची बोली निघते. गादीवर बसतात, समोर पानाचा डबा. मी नकाशा पसरला आणि बोट ठेवून दाखवलं — इथे खाली आग लागली तर धूर या जिन्यातून सरळ वर येणार, आणि वरची माणसं कोंडणार. शेठनी बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग साहेबांकडे. "काय शे हाई? दुकान उघडाना आधीच आग?"

मी म्हटलं, जुन्या इमारतीतही भोंगा लावला नाही, आणि प्रत्येक मजल्यावरून नव्या सिमेंटच्या जिन्यात जायला दार फोडलं नाही, तर अग्निशमनवाल्यांचा दाखला मिळायचा नाही. साहेबांनी शेठना दिसणार नाही असं मला कोपर मारलं! दाखल्याचं मला तरी कुठे नक्की माहीत होतं? पण दसऱ्याचा मुहूर्त धरून बसलेल्या माणसाला दाखला म्हटलं की घाम फुटतो. तसाच फुटला.

दारं मंजूर. भोंगा मंजूर. जुन्यात स्प्रिंकलर मात्र नाहीच. "साड्यांच्या डोक्यावर पाण्याचे नळ? चालाव नही!"

घरी येताना ताईकडे डोकावले. सांगितलं तिला, दार मिळालं तुम्हाला. ती म्हणाली, "दारातून वारा येईल का?"

२२ मे, गुरुवार

सुतारांनी नव्या मजल्यावरची कपाटं पार छताला भिडवली! स्प्रिंकलरखाली हातभर जागा मोकळी सोडायची म्हणून दहा वेळा सांगितलं होतं. पाणी पसरायला जागा नको? कारभारी आहेर — दुकानाचा मॅनेजर, अंबडची कंपनी बंद पडल्यावर इकडे आलेला — म्हणाला, "मॅडम, वरचा कप्पा रिकामा ठेवू, पण कपाट नका कापू. लय भारी लाकूड हाय." रिकामा कप्पा म्हणे! दिवाळीत तिथे टॉवेल कोंबले नाहीत तर नाव बदलीन. उभी राहिले आणि कापून घेतलं.

शेठ वर बघत होते. स्प्रिंकलरच्या टोकाशी काचेची बारीक लाल नळी असते ना, तिच्याकडे. "हा लाल दिवा कधी लागतो?"

म्हटलं, दिवा नाही तो. खूप तापलं की ती काच फुटते आणि तेवढ्याच एका ठिकाणाहून पाणी सुटतं. सगळीकडून नाही.

"किती तापलं म्हणजे?"

अडुसष्ट डिग्री म्हटलं. शेठना मालेगावचा उन्हाळा आठवला बहुतेक. बराच वेळ विचारात पडले होते बिचारे!

६ सप्टेंबर, शनिवार

वाजला! काय आवाज! सगळ्या मजल्यांवर एकदम. एक सेल्समन शिडीवरून उतरायचं विसरून कानांवर हात घेऊन तसाच उभा. कुंभमेळ्याच्या गर्दीत पोलिसांचे भोंगे ऐकून शहराचे कान किटलेत, तरी हा ऐकून रस्त्यावरची माणसं थांबली.

कारभारी तर हरखूनच गेला. पॅनेलवर एक बटण आहे, ते दाबलं की सगळे भोंगे एकदम वाजतात. त्याने मला ते तीनदा दाखवायला लावलं. "आमच्या कंपनीत असाच होता मॅडम. असाच!" डोळ्यांत पाणीच आलं त्याच्या.

ताई म्हणाली, "आमची आठही मशीनं चालू होती, तरी ऐकू आला."

आज फार बरं वाटलं. फार.

६ ऑक्टोबर, सोमवार

काल दसऱ्याला नव्या इमारतीचं उद्घाटन झालं. दाखलाही मिळाला. शेठनी मला साडी दिली, जांभळी. सर्वांत वर, चौथ्या मजल्यावर, नोकरमाणसांसाठी जेवायची खोली काढलीय. पंखे, बेसिन, लांब टेबलं. आधी बायका मशीनपाशीच डबे खायच्या. ताई एवढी खूश की मला हाताला धरून वर नेऊन खोली दाखवली तिने.

२ डिसेंबर, मंगळवार

नाही. हे खरं नसेल. ताई चेष्टा करत असेल असंच वाटलं मला.

आज ती जेवायला आली होती. भाकरी मोडताना सहज म्हणाली, "तुझा भोंगा बाकी चांगला झाला हं. रोज दीड वाजता वाजला की डबे उचलायचे आणि वर जायचं. कारभारीला ओरडावं लागत नाही आता."

माझा घास हातात तसाच राहिला.

कधीपासून? तर दिवाळीच्या गर्दीपासून! एवढे मजले, कुणाला हाक ऐकू जाईना, मग कारभारीने बटण दाबलं. कंपनीत भोंगा झाला की डबा, तसं इथेही. ग्राहकांनाही सवय झालीय म्हणे. म्हणतात, "दीड झाला वाटतं!"

म्हणजे आगीचा भोंगा वाजला की सगळी माणसं वर जायला शिकलीयत. वर! चौथ्या मजल्यावर! धूर जिकडे जातो तिकडे! आणि शिकवलं कुणी? मी बसवलेल्या भोंग्याने. रोज. रविवार सोडून रोज.

ताई म्हणते, "अगं, जेव की."

३ डिसेंबर, बुधवार

भांडले. सकाळी दुकान उघडायच्या वेळेलाच गेले आणि भांडले.

कारभारी म्हणतो, "मॅडम, दीडला वाजला म्हंजी जेवण. अवेळी वाजला म्हंजी आग. येवढं कळतंय की लोकान्ला. आडाणी नाय कोणी."

शेठ म्हणाले, "बाई, येवढी महागाची वस्तू. वाजवायची नाही तर काय, हळदकुंकू वाहू तिला?"

हसू पण येत होतं आणि रडू पण. कारभारी आत गेल्यावर शेठना म्हटलं, मला एकदा अवेळी वाजवू द्या. कुणाला न सांगता. लोक खाली आले तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही.

शेठ म्हणाले, मंगळवारी ये. गिऱ्हाईक कमी असतं.

९ डिसेंबर, मंगळवार

सव्वाअकराला मी बटण दाबलं आणि पळत जिना गाठला. शेठ आणि मी नव्या जिन्यात दुसऱ्या मजल्याच्या वळणावर उभे. दीड वाजला असं कुणाला वाटावं असं काहीच नव्हतं — नुकतंच दुकान झाडून झालं होतं!

पहिल्यांदा दार उघडलं ते फॉलच्या खोलीतल्या बायकांनी. हातात डबे. आणि सगळ्यांच्या पुढे कोण? ताई. माझी ताई! तिला मी त्या दिवशी जेवताना एवढं समजावलं होतं. ती जिन्यात आली आणि वर चढायला लागली. मला पाहिलं आणि हसली. "आज लवकर वाजवला गं?"

तिच्यामागून एकेक बाई वर गेली. मग सेल्समन. एकजण म्हणाला, "दीड वाजला पण?" दुसरा म्हणाला, "वाजला असंल, चल." खाली एकही माणूस गेला नाही. एकही! नामपूरकडची एक गिऱ्हाईक बाई तेवढी विचारत होती, "दुकान बंद करता का, दादा?" आणि कारभारी — अवेळी वाजला म्हणजे आग म्हणणारा कारभारी — दोन पायऱ्या वर चढल्यावर थांबला. आम्हाला बघितलं. मनगटावरचं घड्याळ बघायचं राहून गेल्यासारखा चेहरा.

शेठ खालच्या पायरीवर बसले. धोतर सावरायचंही भान नव्हतं. नंतर हळूच म्हणाले, "हे सगळे मेलेच असते."

ताई वरून उतरून आली. तिला कळलं तेव्हा डबा तिच्या हातातून खाली ठेवायलाही तिला जमेना. मी घेतला. किती राग यायला हवा होता मला तिचा, पण तिच्या हाताला घाम आलेला पाहून जीव कळवळला.

१० डिसेंबर, बुधवार

जेवणाला आता कारभारी थाळी वाजवत मजल्या-मजल्यावर फिरतो. स्टीलची थाळी आणि चमचा. फार अपमान झाल्यासारखं वाजवतो.

२० जानेवारी २००४, मंगळवार

भोंगा वाजला की खाली उतरायच्या पहिल्या सरावात निम्मे वर, निम्मे खाली. दुसऱ्यात जिन्याच्या मधोमध टक्कर झाली, एकीच्या डब्यातली आमटी दुसरीच्या पदरावर! आज तिसरा. मी जिन्यात उभी राहून "खाली! खाली!" ओरडायची तयारी करून आले होते. गरजच पडली नाही. सगळे खाली. गिऱ्हाइकांनासुद्धा घेऊन. ताई दारात उभी राहून मागच्या बायकांना पुढे काढत होती. कुणी शिकवलं होतं तिला ते? तिनेच ठरवलं म्हणे, कुणीतरी शेवटी राहायला नको का.

शेठनी सगळ्यांना जिलबी दिली.

कारभारीला आता याचं वेड लागलंय. मला म्हणाला, "इथून पुढं मी घेनार टेस्टिंग. कवा पन वाजवनार. तुमाला पन नाय सांगनार!" म्हटलं, वाजव बाबा, हजारदा वाजव. फक्त दीडला नको.

आज रिक्षाने घरी आले. उगाच. खूश होते म्हणून.

११ फेब्रुवारी, बुधवार

अंबडच्या एका कारखान्याचं नवं काम. दिवसभर नकाशे. तिथल्या मॅनेजरला दुकानाची सगळी गोष्ट रंगवून सांगितली, डब्यासकट. पोट धरून हसला. मीही हसले. "लोक ना मॅडम, सवयीचे गुलाम," म्हणाला. म्हटलं, अगदी!

१९ फेब्रुवारी, गुरुवार

सगळे सुखरूप आहेत, हे आधी लिहिते.

आज दुकानात खरी आग लागली. जुन्या बाजूला, तळमजल्यावर. लाकडी जिना जळून गेला. गठ्ठ्यांचा कोळसा झालाय. नव्या बाजूला एकच स्प्रिंकलर फुटला आणि त्याने दाराशीच आग अडवली. माणसं सगळी नव्या जिन्याने खाली आली.

मी तिथेच होते. ताईच्या खोलीतला धूर हेरणारा डबा साफ करायला गेले होते. काम झालं, चहा आला, आणि भोंगा वाजला. बायका उठल्या, मशीनं बंद करून निघाल्या. मी बसूनच राहिले. बशीत चहा ओतत होते. ताई दारातून म्हणाली, "चल."

मी हसून म्हणाले, "बस गं. कारभारीचं टेस्टिंग असेल. चहा पी."

ताईने माझं ऐकलं नाही.