दोघांच्या सुया

औरंगाबाद,
९ जानेवारी १९५७

ती. सौ. द्वारकाअक्कास,
वच्छलेचा शि. सा. न. वि. वि.

तुझे सांडगे पोचले. मला पुन्हा दिवस गेलेत, हे आईनं कळवलंच असेल. पहिलं बाळ मेलेलंच जन्मलं, दुसरी पंधरा दिवसांत गेली. सुनेचं रक्तच खराब, असं सासूबाई गल्लीभर सांगतात. म्हणून या खेपेला मीच सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, काल दार लावून घेऊन सांगितलं.

अक्का, मला गरमीचा रोग आहे. बाई म्हणाल्या, नवऱ्याकडून आला, अन् माझ्या रक्तातून पोटातल्या लेकरांना पोचला. हे कापसाच्या कामानं दोन वर्षं हैदराबादेत होते, तेव्हाचं असावं. आम्ही दोघांनी पेनिसिलिनच्या सुया घेतल्या तर हे बाळ वाचू शकेल. एकटीनं घेऊन भागणार नाही, रोग पुन्हा लागेल.

औरंगपुऱ्यातल्या दवाखान्यातून घरी येताना मी पदर हनुवटीपर्यंत ओढला होता. मी काही केलं नाही, तरी कोणाकडं बघवत नाही. काय करू ते लिही. माया आहेच, ती असू दे.

तुझी वच्छला

परभणी,
१७ जानेवारी १९५७

चि. सौ. वच्छलेस,
अक्काचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र वाचलं अन् चुलीत घातलं. माझेच कान तापले, जशी चूक तुझीच. मग माझीच मला लाज वाटली. लहानपणी चिंचा चोरून माझं नाव सांगणारी तू, अन् आता न केलेल्यापायी तोंड लपवतेस.

सुया घे, चुकवू नको. पण कोणापाशी बोलू नको, आईपाशी तर नाहीच. ताकदीच्या सुया आहेत म्हणावं. अन् बद्रीनाथरावांना सांगायला तुझ्याशिवाय दुसरं कोण आहे? कसं सांगशील ते मला सुचत नाही, पण सांग. खुशाली कळवीत जा.

तुझी अक्का

औरंगाबाद,
२२ फेब्रुवारी १९५७

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

सांगितलं. हे म्हणाले, दवाखान्यातला कंपाउंडर ओळखीचा आहे, तो मोठ्यानं नाव पुकारतो, अब्रू जाईल. मी म्हटलं, दोन लेकरं गेली त्याचं काय? त्या दिवसापासून मी माझं अंथरूण स्वयंपाकघरात नेलं. सासूबाईंनी कारण विचारलं. मी पीठ मळत राहिले, हे टोपी घालून बाहेर पडले.

काल मी बायकांच्या बाकावर बसले होते. समोर पुरुषांकडं एक जण उपरण्यात तोंड गुंडाळून बसलेला. कंपाउंडरनं ह्यांचं नाव पुकारलं, कोणी उठलं नाही. दुसऱ्यांदा पुकारलं तेव्हा तो उठला. मला लई शरम वाटली अक्का, अन् कीवही आली. घरी येताना हे दहा पावलं पुढं चालत होते.

मुलांना पापे दे.

तुझी वच्छला

औरंगाबाद,
८ ऑगस्ट १९५७

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

मुलगी झाली ते तारेनं कळलंच. तिचं रक्त तपासलं, तिलाही सुई दिली. चांगली ओरडते. रंगाचं विचारू नकोस, तुझ्यावर गेलीय.

तू रागावशील असं एक झालं. बारशाला गल्लीतल्या बाया विचारू लागल्या, ही कशी वाचली. सासूबाई म्हणाल्या, नवसानं; सुनेचं रक्त तर खराबच होतं. माझ्या तोंडून निघून गेलं की सुयांनी वाचली, अन् सुया आम्हा दोघांना घ्याव्या लागल्या. सासूबाई आत गेल्या. हे दारात उभे होते, त्यांनी ऐकलं. मला वाटलं, जमिनीत जावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारची गौहर मागल्या दारानं आली. हिमरूच्या शाली विणणाऱ्या शफीमियांची बायको. तिची तीन लेकरं गेलीत. डॉक्टरीणबाई कुठं बसतात, असं तिनं हळूच विचारलं. मग दारापर्यंत जाऊन परत वळून, मर्दालाबी यावं लागतं का, असं विचारलं. मी व्हय म्हटलं. ती रडायला लागली, तो कधीच यायचा नाय म्हणाली.

हे आतल्या खोलीत होते. बाहेर आले, गौहरकडं न बघता म्हणाले, शफीशी मी बोलतो. चप्पल घातली अन् शेजारच्या दारात जाऊन उभे राहिले. मी खिडकीतून बघत होते. कडी वाजवायला त्यांना लई वेळ लागला. पण वाजवली.

तुझी माया आहेच, ती आता आम्हा तिघांवर राहू दे.

तुझी वच्छला