जुन्या पुस्तकातलं गाणं

दारव्हा, सोमवार

प्रिय दीपा,

सलाम. पत्र पाहून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनवर माझा आवाज जरा हलला की तू ओळखतेस, आणि गोष्ट नेमकी आवाजाचीच आहे, म्हणून लिहायला बसले.

माझ्या गळ्याशी गाठ आली आहे. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, साधी आहे, पण काढावी लागेल. आवाजाची नस तिला खेटून आहे. ती दुखावली तर आवाज बसेल, कदाचित कायमचा. तुझे भाऊजी म्हणतात, "गाठ साधी हाय ना, मंग कायले भेतं?" त्यांचं बरोबर आहे, तरी मी भिते. रोज सकाळी गॅस पेटवायच्या आधी तुझं नाव मोठ्यानं घेऊन पाहते, आवाज आहे ना म्हणून. भाऊजींना वाटतं, मला तुझी फार आठवण येते.

तुला ठाऊक आहे, मला प्रार्थना कधी नीट सुचली नाही. बाबा म्हणायचे, तू गा, देवाला तेवढं पुरतं. उपासनेत गाताना जो आनंद होतो, तोच माझा विश्वास. तो गळ्याबरोबर गेला तर माझ्याकडे उरतं काय? हे चर्चच्या पाळकसाहेबांनाही विचारायची हिंमत झाली नाही. हल्ली मी मागच्या सतरंजीवर बसून नुसते ओठ हलवत होते. गायला लागले तर रडू फुटेल, ही धास्ती.

काल चर्चमध्ये माझ्यासाठी प्रार्थना ठेवली होती. गाणं मीच निवडायचं होतं. बाबांच्या आवडीच्या उपकारस्तुतीच्या गाण्याचा क्रमांक सांगितला आणि गीतांचं जुनं पुस्तक की नवं, ते सांगायचंच विसरले. आपल्याकडे अर्ध्यांजवळ जुनं, अर्ध्यांजवळ नवं, क्रमांक जुळतील तर शपथ. बायकांनी जुन्यातली उपकारस्तुती धरली आणि पुरुषांनी नव्यातलं मयतीचं गीत. वामनरावांना कमी ऐकू येतं, ते आपली पेटी वाजवतच राहिले. हा इशारा तर नाही, असंच मनात आलं. हळूहळू दोन्ही गाणी बंद पडली. तेवढ्यात शेजारी बसलेल्या कांताबाई म्हणाल्या, "काही होत नाही वं. मयतीचं गाणं आजच म्हणून झालं, आता तुले लय वर्सं मरता येत नाही."

सगळे हसले. पेटी चालूच होती. चुकलेल्यांना वाटेवर आणायचं काम नेहमी माझंच, त्या सवयीनं मी उपकारस्तुतीची पहिली ओळ उचलली. रडू आलं नाही. तिसऱ्या कडव्याला दम संपला, मी थांबले. गाणं थांबलं नाही. मी नुसती टाळी धरून बसले, आणि आनंद तसाच होता, दीपा, जराही उणा नाही. घरी आल्यावर चहा व्हायच्या आत भीती परत आली, ते वेगळं.

गुरुवारी ऑपरेशन आहे. शुद्धीवर आल्यावर पहिलं तुझं नाव घेऊन बघीन, मग फोन करीन. माझ्या फोनवरून कोणी घोगरं, अनोळखी "दीपा" म्हणालं, तर ताईला फोन दे म्हणू नकोस. ती मीच असेन. आणि काहीच ऐकू आलं नाही तर ठेवू नकोस. बाबांचं ते गाणं म्हण. मी इकडून टाळी देईन. फक्त जुन्या पुस्तकातलं म्हण.

तुझीच भित्री,
सत्यशीलाताई